चौदा मशीनच्या कारखान्याने आकडेवारीवरून निर्णय घ्यायला सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत तुमचे १४ मशीनचे युनिट आहे, साधारण ६० प्रकारचे भाग तिथे बनतात, डिस्पॅच वेळेवर होत नाही, शॉपवर, म्हणजे मशीनच्या कामाच्या जागेत, अर्धवट माल साचलेला असतो आणि तरीही ओव्हरटाइम थांबत नाही. एका सॉफ्टवेअर कंपनीने ऑप्टिमायझेशनच्या, म्हणजे हाताशी असलेल्या वेळेत आणि साधनांत सर्वांत फायद्याचे नियोजन गणिताने काढण्याच्या, प्रणालीसाठी ८ लाखांचे कोटेशन दिले आहे. रोजचे नियोजन आजवर ज्यांच्या डोक्यात होते ते सुपरवायझर दोन वर्षांनी निवृत्त होत आहेत. सॉफ्टवेअर घ्यावे का, आणि त्याआधी कोणता डेटा जमवावा, असे तुम्ही विचारले आहे.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातल्या लहान-मध्यम कारखान्यांसाठी मी हेच काम गेली १९ वर्षे करते आहे, आणि अनुभवावरून सांगते की तुमच्या तीन तक्रारी मुळात एकच आहेत. उशीर, साचलेला माल आणि ओव्हरटाइम ही तिन्ही लक्षणे बहुतेक वेळा एकाच ठिकाणी उगम पावतात. म्हणून ‘कोणता डेटा’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे आणि ‘कोणता निर्णय’ हा पहिला. तुमच्यासारख्या युनिटमध्ये पुन्हा पुन्हा घ्यावे लागणारे निर्णय मोजकेच असतात: या मशीनवर पुढचा लॉट कोणता लावायचा, लॉट किती नगांचा ठेवायचा, नवीन ऑर्डर घेताना कोणती तारीख द्यायची, काम ओव्हरटाइमवर करायचे की बाहेर द्यायचे, आणि कच्चा माल किती आणून ठेवायचा. यातला कोणता निर्णय चुकल्यामुळे तुमचे सर्वाधिक नुकसान होते हे कळले, की कोणते आकडे लागतील हे आपोआप ठरते. ते न ठरवता जमवलेली माहिती वर्षभर भरत राहते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मान्य करते. ग्राहक स्वतःचा कच्चा माल चलनावर, म्हणजे न विकता फक्त काम करून घेण्यासाठी, पाठवत असेल, तर साचलेल्या मालात तुमचा पैसा अडकत नाही, फक्त जागा आणि वेळ अडकतो. माल तुम्ही विकत घेत असाल, तर हिशेब वेगळा होतो. हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग बाहेरून होत असेल आणि त्यांची गाडी आठवड्यातून दोनदाच येत असेल, तर तुमच्या शॉपवरचे उत्तम वेळापत्रकही त्या गाडीपाशी येऊन थांबते. आणि ग्राहकाकडून येणारा कच्चा मालच उशिरा येत असेल, तर मशीनचा क्रम बदलून काहीही साधणार नाही. पुढचे उत्तर मी असे धरून लिहिते आहे की भाग बहुतांशी पुन्हा पुन्हा येणारे आहेत आणि अडचण मशीनच्या वेळेची आहे.

सगळ्यात आधी काम नेमके कुठे अडते ते शोधा. सर्वांत महागडे मशीन किंवा नोंदीनुसार सर्वाधिक तास चाललेले मशीन म्हणजेच अडथळा, असे समजू नका. कोणाला नको असलेला माल बनवत राहिलेले मशीनही नोंदीत दिवसभर ‘चालू’ दिसते. ज्या मशीनपुढे क्रेट सर्वाधिक दिवस पडून राहतात आणि जे चार तास बंद पडले की त्या आठवड्याच्या डिस्पॅचमध्ये लगेच खड्डा पडतो, ते मशीन खरे अडथळ्याचे. दोन आठवडे रोज सकाळी एक फेरी मारून प्रत्येक मशीनपुढच्या क्रेटवर तो तिथे कधी आला ती तारीख खडूने लिहिली, तरी हे कळते.

मग त्या एका मशीनजवळ उभे राहा. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात सगळे काम एका व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या उभ्या मशीनिंग सेंटरवर) अडत होते आणि रजिस्टरमध्ये जवळपास प्रत्येक लॉटपुढे ‘सेटिंग, ९० मिनिटे’ असे लिहिलेले असायचे. मालकांची इच्छा होती की सेटिंग कमी व्हावे असा लॉटचा क्रम मी काढून द्यावा. मी घड्याळ आणि वही घेऊन दोन शिफ्ट तिथे उभी राहिले. आधीच्या लॉटचा शेवटचा चांगला नग निघाला तिथून वेळ मोजायला सुरुवात केली. फिक्श्चर (भाग मशीनवर घट्ट धरणारी चौकट) बदलणे, टूल लावणे, ऑफसेट घेणे (टूलची नेमकी जागा मशीनला देणे) यात ३५ मिनिटे गेली. ऑपरेटरने पहिला नग फडक्याने पुसला, क्वालिटीच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि परत येऊन मशीनपाशी उभा राहिला. त्या टेबलावर इतर मशीनवरून आलेल्या नगांची आधीच रांग होती. नग मोजून ‘ओके’चा शिक्का मिळेपर्यंत आणखी ५५ मिनिटे गेली आणि तेवढा वेळ कारखान्यातले सर्वांत मोलाचे मशीन बंद होते. रजिस्टरमध्ये या दोन्ही वेळांना एकच शब्द होता: सेटिंग. टेबलावर त्या मशीनसाठी एक लाल ट्रे ठेवला आणि त्यातला नग हातातले काम बाजूला ठेवून आधी मोजायचा असा नियम केला, तेव्हा ५५ मिनिटांची १५ झाली. दिवसाला तीन सेटिंग धरली तर रोजचे दोन तास मिळाले. गणिती प्रारूपाची तिथे गरजच पडली नाही. गरज होती ती दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या लिहिण्याची.

म्हणून सुरुवातीची नोंद फक्त अडथळ्याच्या मशीनवर, चार आठवडे आणि हाताने वहीत करा. लॉट कोणता, आधीच्या लॉटचा शेवटचा चांगला नग कधी निघाला, सेटिंग कधी संपले, पहिला नग कधी ओके झाला, लॉट कधी संपला, मध्ये मशीन थांबले असेल तर किती वेळ आणि कशामुळे, आणि चांगले नग किती निघाले, एवढे पुरे. थांबण्याची कारणे सहा-सातपेक्षा जास्त ठेवू नका, नाहीतर सगळे ‘इतर’मध्ये जाते. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: ही नोंद कोणाच्या पगाराशी, बोनसशी किंवा बोलणी खाण्याशी जोडू नका, आणि ती जोडणार नाही हे ऑपरेटरांना तुम्ही स्वतः सांगा. वहीत लिहिलेल्या वेळेवरून माणसाला एकदा जरी जाब विचारला गेला, तर दुसऱ्या दिवसापासून सगळ्या वेळा नेमक्या ३० आणि ६० मिनिटांच्या येऊ लागतात. त्यानंतर कितीही चांगले विश्लेषण केले तरी ते निरुपयोगी आहे.

आता ऑप्टिमायझेशनकडे येते. हा विषय मुळात कारखान्यातल्या प्रश्नातूनच वाढला आहे. लिओनिद कान्तोरोविच यांनी १९३९ साली मांडलेल्या पद्धतीच्या मुळाशी प्लायवूड उद्योगाने विचारलेला प्रश्न होता: वेगवेगळ्या क्षमतेच्या मशीनवर कोणता माल किती चालवावा? पुढे १९४७ मध्ये जॉर्ज डॅन्टझिग यांनी अशी गणिते सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत दिली. कान्तोरोविच यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते साधनसामग्रीच्या उत्तम वाटपाच्या सिद्धांताबद्दल, तजालिंग कूपमन्स यांच्यासह. त्या विचाराचा गाभा तुमच्या युनिटमध्ये कागदावरही करता येतो. पुढचे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. त्या जागी तुमचे घाला.

समजा अडथळ्याच्या मशीनवर दोन भाग चालतात. पहिल्या भागाच्या विक्री किमतीतून कच्चा माल, इन्सर्ट (टूलचे बदलायचे कापणारे टोक), बाहेरचे काम असा दर नगामागे वाढणारा खर्च वजा केला तर १८० रुपये उरतात आणि त्याला मशीनची १२ मिनिटे लागतात. दुसऱ्यात १२० रुपये उरतात, पण त्याला ५ मिनिटे पुरतात. कोणालाही विचारले तर पहिला भाग फायद्याचा असेच सांगतील. मात्र अडथळ्याच्या प्रत्येक मिनिटामागे पहिला भाग १५ रुपये देतो आणि दुसरा २४. पगार, भाडे आणि हप्ते या महिन्यात कोणताही भाग बनवला तरी तेवढेच द्यायचे आहेत, म्हणून ते इथे वाटून टाकायचे नाहीत. कॉस्टिंग शीटमधला मशीन-अवर रेट भाव ठरवायला उपयोगी असतो. या महिन्यात काय आधी बनवायचे हे ठरवताना तो दिशाभूल करतो.

गुरुवारच्या सुट्ट्या आणि एखादा सण वजा जाता महिन्याचे २५ दिवस, दोन शिफ्ट, प्रत्येकीत प्रत्यक्ष ७ तास, म्हणजे ३५० तास किंवा २१,००० मिनिटे हाताशी आहेत. मागणी पहिल्या भागाची १,२०० आणि दुसऱ्याची २,००० नग, म्हणजे १४,४०० अधिक १०,००० अशी २४,४०० मिनिटे हवीत. सगळे बसत नाही. पहिला भाग पूर्ण करून उरलेल्या वेळात दुसरा केला, तर दुसऱ्याचे १,३२० नग होतात आणि हातात ३,७४,४०० रुपये येतात. दुसरा आधी पूर्ण केला, तर पहिल्याचे ९१६ नग होतात आणि ४,०४,८८० रुपये येतात. तेच मशीन, तीच माणसे, तेवढेच तास. फरक महिन्याला ३०,४८० रुपयांचा.

मला यातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. या स्थितीत अडथळ्याचा एक तास वाढवला तर पहिल्या भागाचे पाच नग जास्त निघतात, म्हणजे त्या तासाची किंमत ९०० रुपये आहे. त्या तासाच्या ओव्हरटाइमचा आणि विजेचा जादा खर्च ९०० च्या आत असेल तर ओव्हरटाइम करा, वर जात असेल तर करू नका. मागणी पूर्ण व्हायला सुमारे ५७ तास कमी पडत असल्यामुळे तिथपर्यंतच ही किंमत लागू आहे. ज्या मशीनपुढे रांग नाही त्या मशीनच्या जादा तासाची किंमत मात्र शून्य आहे. तुमच्याकडचा ओव्हरटाइम कोणत्या मशीनवर होतो ते एकदा पाहा. अनेक ठिकाणी तो रिकाम्या होऊ शकणाऱ्या मशीनवर चाललेला मी पाहिला आहे आणि त्यातून फक्त अडथळ्यापुढची रांग वाढते. त्याच रीतीने दिलेल्या शब्दाचीही किंमत काढता येते. पहिल्या भागाचे किमान १,००० नग द्यायचेच, असे ग्राहकाला कबूल केले असेल, तर दुसऱ्याचे १,८०० होतात आणि एकूण ३,९६,००० रुपये येतात. तो शब्द पाळायला महिन्याला ८,८८० रुपये लागतात. जुन्या ग्राहकासाठी ते द्यावेत की नाहीत हे गणित सांगणार नाही. ते तुम्ही ठरवायचे, पण आकडा समोर ठेवून.

दोनच भाग असताना हे तोंडी करता येते. साठ भाग, चार अडथळे आणि बाहेरची कामे आली की सॉल्व्हर, म्हणजे असे गणित सोडवणारा प्रोग्राम, लागतो. एक्सेलमध्ये असलेला सॉल्व्हर २०० निर्णय-चलांपर्यंत (‘हा भाग किती बनवायचा’ अशा ठरवायच्या आकड्यांपर्यंत) चालतो आणि मासिक नियोजनासाठी तो बहुधा पुरतो. त्यापुढे गूगलचे ओआर-टूल्स, सीबीसी, हायज यांसारखी मोफत साधने आहेत. ती पायथनमधून चालवणारा एखादा विद्यार्थी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातून किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून प्रकल्पासाठी मिळू शकतो, मात्र त्याच्याबरोबर बसायला तुमचा स्वतःचा माणूस हवा.

साचलेल्या मालाबद्दल. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: शॉपवर असलेला माल भागिले रोज बाहेर पडणारा माल म्हणजे एका नगाला लागणारे सरासरी दिवस. शॉपवर ६,००० नग आहेत आणि रोज ४०० डिस्पॅच होतात, तर प्रत्येक नग सरासरी १५ दिवस आत राहतो, मग त्याचे प्रत्यक्ष मशीनिंग चाळीस मिनिटांचे का असेना. रोजचे ४०० तेच राहणार असतील, तर दिवस कमी करण्याचा मार्ग एकच आहे: आत कमी माल सोडणे. अडथळ्याचे मशीन जेवढे खाते तेवढेच बार (कच्च्या मालाच्या धातूच्या कांबी) कापायला घ्या. पहिल्या मशीनचा ऑपरेटर थोडा वेळ रिकामा दिसेल. ते पाहवत नाही हे मला ठाऊक आहे, तरी पाहावे लागते.

अडथळ्याचे मशीन कागदावर शंभर टक्के भरू नका, हेही यातूनच निघते. कामाच्या येण्यात आणि लागणाऱ्या वेळेत चढउतार असतो, आणि तो तेवढाच राहिला तर रांगेतली वाट मशीनचा भरलेला भाग भागिले रिकामा भाग या प्रमाणात वाढते. ८० टक्के भरले तर हे गुणोत्तर ४ येते, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. म्हणजे ९० वरून ९५ वर जाताना काम जेमतेम साडेपाच टक्के वाढते आणि वाट पाहणे दुपटीहून अधिक होते. वर मी २१,००० मिनिटे पूर्ण भरून दाखवली ती हिशेब सोपा राहावा म्हणून. प्रत्यक्षात मी अशा मशीनवर ८५ ते ९० टक्क्यांपर्यंतच तारखा कबूल करायला सांगते आणि उरलेला वेळ रीवर्क, ब्रेकडाउन आणि ग्राहकाच्या अचानक आलेल्या फोनसाठी ठेवते. तो वेळ वाया जात नाही, रोज वापरला जातो.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे योग्य होईल. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यासाठी मी एकूण सेटिंगचा वेळ कमीत कमी करणारे वेळापत्रक बनवले. प्रारूपाने सारखे भाग एकत्र केले, सेटिंगचे तास खरोखर कमी झाले, आणि एका छोट्या ग्राहकाचा वेगळ्या फिक्श्चरचा लॉट प्रत्येक आठवड्यात शेवटी ढकलला गेला, कारण उशिराची किंमत मी उद्दिष्टात घातलीच नव्हती. त्यातच एका भागाचे फिक्श्चर एकच असताना तो भाग दोन मशीनवर एकाच वेळी लावलेला होता. फिक्श्चर एकच आहे हे कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेले नव्हते. शॉपवरच्या प्रत्येकाला ते माहीत होते. दुसऱ्या आठवड्यात सुपरवायझरनी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवून दिला, आणि ते बरोबरच होते. तेव्हापासून काय कमी करायचे आहे आणि काय करता येणार नाही, या दोन याद्या शॉपवरच्या माणसांकडून तपासून घेतल्याशिवाय मी संगणक उघडत नाही.

रोजच्या क्रमाबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. दहा लॉट लावण्याचे ३६,२८,८०० क्रम होतात. त्यातला सर्वोत्तम शोधला तरी दुपारी इन्सर्ट तुटला की तो सर्वोत्तम राहत नाही. मी सहसा एक साधा नियम देते: अडथळ्यावर लॉट तारखेच्या क्रमाने लावा, मात्र पुढच्या तीन दिवसांत द्यायच्या लॉटपैकी ज्यांचे फिक्श्चर एक आहे ते सलग घ्या. तीन दिवस हा आकडा तुमच्या सेटिंगच्या वेळेवरून आणि ग्राहकांच्या सहनशीलतेवरून बदलेल.

कच्च्या मालासाठी ग्राहकाचे मासिक शेड्यूल हाच अंदाज मानू नका. मागच्या १२ महिन्यांचे शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल शेजारी-शेजारी लिहा. बिलांची नोंद टॅलीत असेलच. कोणता ग्राहक सांगितलेल्यापेक्षा नेहमी कमी उचलतो आणि कोणाची उचल वरखाली होते, हे तासाभरात दिसेल. पहिल्यासाठी आकडा खाली आणायचा, दुसऱ्यासाठी जादा साठा ठेवायचा.

सॉफ्टवेअरबद्दल माझे मत असे आहे की आज ते घेऊ नका, आणि कायमचे नाकारूही नका. चार आठवड्यांची वही हातात आली की विक्रेत्याला सांगा, तुमच्या मागच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरी आणि प्रत्यक्ष वेळा त्यांच्या प्रणालीत घालून तिने काय क्रम दिला असता ते दाखवा. तो क्रम तुमच्या सुपरवायझरना दाखवा आणि यातले काय करता आले नसते ते विचारा. त्यानंतरही उशिरा जाणारे लॉट स्पष्टपणे कमी होत असतील, तर ८ लाखांचा विचार करता येईल. ज्या विक्रेत्याला हे करून दाखवायचे नाही त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवा.

राहिला सुपरवायझरचा प्रश्न, आणि तुमच्या पत्रातला हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. त्यांना बसवून ‘तुमचे ज्ञान लिहून द्या’ म्हटले तर त्यांना ते जमणार नाही. ते कोणालाच जमत नाही. त्याऐवजी रोज सकाळी वरचा साधा नियम वापरून एक क्रम कागदावर छापा आणि त्यांच्या हातात द्या. त्यांना जिथे बदल करावासा वाटेल तिथे त्यांनी तो जरूर करावा आणि शेजारी चार शब्दांत कारण लिहावे: ‘या मशीनचा स्पिंडल तापतो, बारीक टॉलरन्स सकाळीच’, ‘हा माल कडक लागतो, इन्सर्ट जास्त लागतील’, ‘रात्रपाळीला हे फिक्श्चर बसवणारा माणूस नाही’. पहिल्या महिन्यात ते अर्धा कागद बदलतील. प्रत्येक शनिवारी ती कारणे वाचा, जी पुन्हा पुन्हा येतात ती नियमात घाला, आणि काका, हे आता कागदातच येईल, असे त्यांना दाखवा. तुमच्याकडे त्यासाठी दोन वर्षे आहेत. येत्या शुक्रवारी, सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला, वही आणि पहिला कागद एकाच दिवशी सुरू करा. चार आठवड्यांनी वहीतले आकडे इथेच टाकलेत तर मी ते नक्की पाहीन.